परतीला चौघं

“काशीदला किती मिनिटं थांबायचं ते आत्ताच सांगा. तिथे जाऊन कुरकुर नको,” आमचे हे म्हणाले आणि त्यांनी कानामागचं पेन काढलं.

“पप्पा, बीचवर कोण मिनिटं मोजतं?” सोनल म्हणाली.

“मी मोजतो.”

“एक तास तरी.”

“वीस मिनिटं. उतरणार तीन, चढणार तीन. पुढे बोल.”

आमच्या ह्यांचं सगळं असंच. नाव उत्तम. बावीस वर्षं डोंबिवलीतल्या एका शाळेची बस चालवतायत. रोज सकाळी स्टिअरिंगजवळ एक कागद अडकवतात. थांबा, वेळ, चढणार, उतरणार, असे चार रकाने. कागदावर एकतीस लिहिलेत आणि बसमध्ये तीस डोकी भरली तर चावी फिरवायची नाही. एकदा अशीच मोजणी चुकली, तेव्हा बसवरच्या नव्या बाईनं कागदावरचा आकडा खोडून तीस केला. हे तिच्यावर असे उखडले की दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. पोरगं शाळेच्या संडासात कडी अडकून रडत बसलं होतं. “कागद नाही बदलायचा, पोर शोधायचं,” हे ह्यांचं वाक्य मला झोपेतही पाठ आहे. घरात मात्र स्वतःचा चष्मा कुठे आहे ते मला विचारतात.

त्याच चार रकान्यांत आता आमची कोकणची सहल बसत होती. गाडी महेंद्रची, म्हणजे ह्यांच्याच शाळेतल्या दुसऱ्या ड्रायव्हरची. दिवाळीच्या सुट्टीत तो कोपरीहून आणून देणार, आपण फक्त गॅस भरायचा. शनिवारी पहाटे निघून शीळफाटा, पनवेल, वडखळ, अलिबाग, मग समुद्राला धरून काशीद, मुरूड. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडीसकट चढून पलीकडे दिघी. मुक्काम दिवेआगरला. खोलीचे बाराशे, पंखा आहे, एसी नाही. मालक ह्यांच्या बसमधल्या एका पोराचा मामा. शनिवारचं जेवण घरून न्यायचं. रविवारी एकच मासळीची थाळी घ्यायची आणि सोनलनं खायची. समुद्र बघायला पैसे पडत नाहीत, हे ह्यांनी तीनदा ऐकवलं.

“आणि शेवट मामाकडे,” सोनल म्हणाली. ती तेवीस वर्षांची आहे, शीळफाट्याला मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते. तिच्या फोनमध्ये समुद्राचे शंभर फोटो होते. खराखुरा तिनं नीट पाहिला नव्हता.

“शेवट मामाकडे,” हे म्हणाले. “यंदा भाऊबीज रविवारी आलीय. देवानंच टाइमटेबल बसवून दिलंय.”

ते टाइमटेबल माझ्यासाठी होतं. दीड वर्षापासून मी डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात वाजता कल्याणच्या सेंटरला खुर्चीवर बसायचं, अकराला उठायचं. शुक्रवार ते सोमवार एवढीच काय ती मोठी फट. त्या फटीत मावेल तेवढंच माझं जग. दिवसाला पाऊण लिटर पाणी, तेही चहा-आमटी धरून. मोजायला माझ्याकडे एक लहान मुलाची बाटली आहे, बसमध्ये कुणीतरी विसरलेली. वर्षभर मालक आला नाही म्हणून हे घरी घेऊन आले. त्याआधी मी चोवीस वर्षं पिको-फॉल केलं. आजदे गावात अर्ध्या बायकांच्या साड्यांची कड माझ्या हातची आहे. आता डाव्या हाताच्या शिरेला जोड दिलाय. तिथे बोट ठेवलं तर आत मशीन चालू राहिल्यासारखी थरथर लागते. शिवणयंत्र बंद झालं आणि हे सुरू झालं.

मी ह्यांना विचारलं होतं, “सरळ माणगाववरून गेलो तर सहा तासांत तानाजीकडे पोचू. हा समुद्राचा वळसा कशाला?”

“सोनलनं काय पाहिलंय आयुष्यात? आणि तूही माहेरी गेली नाहीस सहा वर्षं. जरा मजेत जाऊ,” हे म्हणाले आणि माझ्याकडे न बघता रेघ आखत राहिले. मजेत हा शब्द ह्यांच्या तोंडी मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गुरुवारी हे आंघोळीला गेले आणि मी टेबल आवरताना कागद उलटा झाला. मागच्या बाजूला परतीचा प्रवास होता. थांबा : तानाजीचं घर. वेळ : तीन. उतरणार : कोणी नाही. चढणार : चार.

चार कोण, म्हणून मी पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात नावं होती. मी, शेवंती, सोनल, तानाजी. त्याखाली, सोमवार. सात वाजता, शेवंती मशीन. साडेनऊ, तानाजी रक्त तपासणी. आणि कोपऱ्यात, ओ पॉझिटिव्ह.

माझाही ओ पॉझिटिव्ह आहे. ह्यांना साखर, म्हणून ह्यांची किडनी पहिल्याच दिवशी बाद झाली. सोनलचा गट जुळला नाही. जुळला असता तरी मी लेकीची घेतली नसती, असं मी सगळ्यांना सांगते. खरं काय ते देवाला ठाऊक. सरकारी यादीत नाव आहे, पण त्या यादीत पुढे सरकणं आपल्या हातात नाही. उरला माझा धाकटा भाऊ. आईच्या ऑपरेशनला त्यानं रक्त दिलं होतं, तेव्हाचा गट ह्यांनी लक्षात ठेवला असणार. मशीन लागलं एवढंच त्याला माहीत होतं. फोनवर म्हणायचा, बरी होशील गो.

वाचून मला काय वाटलं सांगू? आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू. चिंच बघितली की कपाळावर आठी यायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं ना, तसा तो आनंद आधी आला. मला जगायचं होतं. पेलाभर पाणी न मोजता प्यायचं होतं. मग राग आला. भाऊबीज का, ते माझ्या लक्षात आलं. पाटावर बसलेला भाऊ ओवाळणीला नाही म्हणत नाही.

शुक्रवारी सेंटरला सुया टोचून झाल्या. हे नेहमीसारखे बाजूच्या स्टुलावर बसले, तसल्याही गर्दीत, शाळेला सुट्टी असून सवयीनं घातलेल्या युनिफॉर्मची कॉलर नीट करत.

मी म्हटलं, “अहो, महेंद्रच्या गाडीत चौघं बसतात का आरामात?”

“चौघं कशाला? आपण तिघंच.”

“येताना?”

 मशीनमध्ये माझं रक्त फिरत होतं, त्याच्याकडे हे बघत बसले.

“सांगायचंत तरी मला,” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

“फोनवर विचारायचंत त्याला.”

“अशी गोष्ट फोनवर मागायची नसते, शेवंती. माणूस समोर हवा. ताटात दिवा हवा.”

“म्हणजे त्याला तोंड उघडायची सोय नको.”

“मग मी काय करू ते तू सांग,” हे हळूच म्हणाले. “यादीचं विचारायला गेलो की तिथल्या मॅडम मला आधी पाणी प्यायला देतात. पाणी दिलं की मला कळतं, काही सरकलेलं नाही. तुझ्या पलीकडची खुर्ची बघ. गेल्या महिन्यापासून दुसरा माणूस बसतो. आधीच्या बाबुरावांचं काय झालं, मी विचारलं नाही. मला रस्ता दिसत नाही. बावीस वर्षं मी रस्ताच बघतोय आणि मला आता रस्ता दिसत नाही.”

आणि हा माणूस रडायला लागला. शाळेची अक्षरं खिशावर शिवलेल्या त्या निळ्या शर्टात, स्टुलावर बसून, तोंडातून आवाज न काढता. नर्स बघून न बघितल्यासारखं करून गेली. माझा एक हात मशीनला बांधलेला. दुसऱ्या हातानं मी ह्यांचा गुडघा धरला.

“मी मागेन,” मी म्हटलं. “तुम्ही तोंड नाही उघडायचं. माझा भाऊ आहे, मी मागेन.”

“नक्की?”

“सांगितलं ना. कागदावर चार लिहिलेत ना? चार येतील.”

शनिवारी पहाटे चार वाजता निघालो. सगळं मिनिटाला धरून. रेवदंड्याच्या पुढे रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो, तिथे सोनलनं काच खाली केली आणि बोलायची थांबली. एवढी बडबडी पोर, पण नुसती बघत राहिली. काशीदला पांढऱ्या वाळूत मी बसले, तिनं मला लाट पायाला लागेल एवढं पुढे सरकवलं. “आई, टाक ना पाय. रिलॅक्स. पप्पा, तुम्ही पण या ना, घड्याळ काय पळून जात नाही.” हे पँट दुमडून आले. तिघांचा एक फोटो आहे तिच्या फोनमध्ये. त्यात हे हसतायत. वीस मिनिटांची पस्तीस झाली आणि ह्यांनी चकार शब्द काढला नाही.

खारा वारा लागला की तहान लागते, हे मी विसरले होते. समोर एवढं पाणी, आणि माझ्या हातात ती पोराची बाटली. आगरदांड्याच्या फेरीबोटीवर एक बाई शहाळी विकत होती. सोनलनं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःही घेतलं नाही. शहाळ्याचं पाणी मला विष. त्यातल्या क्षारांनी हृदय बंद पडतं, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी कोकणातली, माडाखाली वाढलेली. हे ऐकून मी तेव्हा हसले होते.

दिवेआगरच्या खोलीत मी मागायची वाक्यं घोकत होते. तानाजी, मला एक हवंय. नको. तानाजी, नाही म्हणालास तरी राग नाही. हे तर साफ खोटं. त्याला मी कडेवर वाढवलंय. मी नऊ वर्षांची, तो दोनचा, आई काजूच्या कारखान्यात. त्याला पहिला घास कोणी भरवला, मी. मग मागितलं तर काय बिघडलं, असं मनाला समजावत होते. आणि समजावावं लागत होतं म्हणजे काहीतरी बिघडत होतं.

सकाळी तोंड सुजलेलं होतं. पाय टम्म. अंगठी बोटात रुतली. हे माझ्या चपलेचा पट्टा सैल करून देत होते.

बागमांडल्याला दुसरी फेरीबोट, पलीकडे वेश्वी, आणि अकराच्या ठोक्याला आम्ही केळशीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत. तानाजी दारात नव्हता. अंगणातल्या माडावर होता. तो माडाचाच माणूस. वाडीतले नारळ-सुपारी तोच उतरवतो, हंगामात दिवसाला चाळीस-चाळीस माड. त्यावर त्याचं घर, दोन पोरींची शाळा.

“आलीस काय गो ताय? मी वरनंच गाडी बघितली,” तो वरून ओरडला आणि सरसर खाली आला. मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “अगो, तू येवढी सुजलीस कशानं?”

“प्रवासानं,” मी म्हटलं.

त्याची बायको रंभा मला पाय धुवायला मागच्या पडवीत घेऊन गेली. तांब्यातून माझ्या पायांवर पाणी घालताना तिचा हात थांबला.

“ताई, एक बोलू? वाईट म्हणा मला, पण बोलू?”

“बोल.”

“भावोजींनी दोनदा फोन केला. ह्यांना साखर आहे काय, दारू घेतात काय, कावीळ झालेली काय. मी खुळी नाय. मी केळशीच्या डॉक्टरणीला विचारून आले.” ती माझ्या पायांकडेच बघत होती. “तुम्ही मागितलंत ना, तर ते नाय म्हणायचे नाहीत. आत्ता गाडीत बसतील. म्हणून त्यांना नाय सांगत, तुम्हाला सांगते. मागू नका. वर्षभर माडावर चढता यायचं नाय. नंतरही चढतील काय, कोण सांगणार? आणि चढले तर मी खाली उभी राहून रोज काय बघू?”

“एका किडनीवर माणूस नीट जगतो, रंभा. डॉक्टरच सांगतात,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच बाजारात माल खपवणाऱ्या बाईसारखा वाटला.

“खुर्चीत बसणारा जगत असेल,” ती म्हणाली. मग खाली बसली आणि माझे ओले पाय तिनं दोन्ही हातांनी धरले. “तुमचा जीव स्वस्त नाय, ताई. पण माझ्याकडे एकच माणूस हाय.”

तिनं माझे पाय पुसले. आम्ही दोघी आत आलो. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तिच्यावर चिडून मी मागू तरी शकले असते.

पाट मांडलेला होता, भोवती पोरींनी रांगोळी काढलेली. तानाजी आंघोळ करून, नवा सदरा घालून बसला. डोक्यावर टोपी. माझ्या हातात तबक. निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता. हे भिंतीला टेकून उभे, कागद वरच्या खिशात. सोनल फोनवर शूट करत होती. मी टिळा लावला, ओवाळलं, आणि डावा हात त्याच्या चेहऱ्याजवळ गेला तेव्हा त्यानं मनगट धरलं.

“ताय, ह्यात काय वाजतंय?”

“मशीन आहे. पिकोचं,” मी म्हटलं. तो हसला. लहानपणी हसायचा तसाच, एक दात पुढे.

त्यानं तबकात साडी ठेवली, वर पाचशेची नोट ठेवली. “एवढीच काय गो? सहा वर्षांची भाऊबीज तुंबलीय. माग. काय पायजे ते माग, ताय.”

 रंभा स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक धरून उभी. ह्यांनी घसा साफ केला. माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं. तानाजी, मला एक हवंय. मी ते म्हटलंही.

“तानाजी, मला एक हवंय.”

“बोल की.”

मी त्याच्या पायांकडे बघितलं. तळव्यांना घट्टे, अंगठा बाहेर वळलेला, माडाला धरायला जन्मलेले पाय. मी कडेवर घेतला तेव्हा हे पाय माझ्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हते.

“शहाळं पाज,” मी म्हटलं. “तुझ्या हातचं. आत्ता काढून.”

“आई, तुला चालत नाही,” सोनलचा फोन खाली आला.

“शहाळं का नाय चालत? ताप आला तर हेच देतात,” तानाजी म्हणाला आणि उठलाच. नवा सदरा काढून खुंटीला टांगला, कमरेला कोयता लावला आणि निघाला. मी अंगणात जाऊन उभी राहिले. तो एकदाही खाली न बघता, न थांबता चढत होता आणि मी शेवटपर्यंत बघत होते. वर पोचल्यावर त्यानं हात हलवला. मागे रंभा रडत होती. ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानं शहाळं सोलून दिलं. मी एक घोट घेतला. बाटलीत मोजला असता तर वीस मिली भरला असता. दीड वर्षांनी मला कळलं की मी ती चव विसरले नव्हते. मग शहाळं ह्यांच्या हातात दिलं. हे ते धरून उभे राहिले. प्यायले नाहीत, खालीही ठेवलं नाही.

तीनला निघालो. डिकीत आमच्या पिशव्या, म्हणून तानाजीनं नारळांचं पोतं मागच्या सीटवर सोनलच्या शेजारी बसवलं. “चटणी कर, सोलकढी कर,” तो म्हणाला. मला नारळही चालत नाही. मी हो म्हटलं. मी पुढे ह्यांच्या बाजूला बसले. तानाजीनं खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

“ताय, काय लागलं तर सांगायचं. मी हाय.”

“सांगेन की,” मी म्हटलं.

ह्यांनी चावी लावली, फिरवली नाही. सवयीनं आरशात बघितलं आणि मोजलं. ओठ हलले, मला दिसले. मग मान वळवून पुन्हा मोजलं. मी, सोनल, स्वतः. सोनलच्या शेजारी पोतं.

“काय राहिलं काय, भावोजी?” तानाजी म्हणाला.

“नाही,” हे म्हणाले. पण चावी फिरेना. मला माहीत होतं, फिरणार नाही. सोमवारी सात वाजता मला खुर्चीवर पोचायचं होतं आणि ह्या माणसाची बावीस वर्षांची सवय मध्ये उभी होती.

“अहो,” मी म्हटलं, “तिघंच आहोत. चला.”

ह्यांनी वरच्या खिशातून कागद काढला. उलटा केला, स्टिअरिंगवर सपाट केला. कानामागचं पेन काढलं. चारचा आकडा खोडला आणि शेजारी तीन लिहिला. तानाजीचं नाव खोडायला त्यांना वेळ लागला. मग कागद होता तसाच घडी घालून खिशात ठेवला, आणि चावी फिरवली.